भिंतीपलीकडे कोण झोपतं?

गिटारचा ॲम्प कोणता घ्यावा, हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी विचारला जातो. विचारणारी बहुतेक कॉलेजातली पोरं असतात, कधी त्यांचे वडील. मी काही मोठा जाणकार नाही. नोकरी सांभाळून वीसेक वर्षं सांगली-मिरज-कोल्हापूरच्या पट्ट्यात हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, अजूनही लग्नसराईत वाजवतो, एवढंच भांडवल. पण गिटारीबद्दल सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात, ॲम्पबद्दल कुणी फारसं बोलत नाही. म्हणून लोक माझ्याकडे येतात आणि नेमका एकच प्रश्न विचारतात : "किती वॅटचा घेऊ?"

या वेळी हा प्रश्न घरातूनच आला. माझी आपा ब्लाउज शिवते. तिची भिशी लागली, तीस हजार हातात आले आणि तिने ते मुलासाठी बाजूला ठेवले. भाचा सतरा वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून गिटार वाजवतो आणि बरी वाजवतो. आपाची अट साधी होती. "एकदाच घेईन. घरात चालला पाहिजे, आणि उद्या हा बाहेर वाजवून चार पैसे मिळवायला लागला तर तिथंही हाच चालला पाहिजे. पुन्हा माझ्याकडे मागायचं नाही." घर दोन खोल्यांचं. मधल्या भिंतीपलीकडे तिच्या सासूबाईंचा पलंग. त्यांना लकवा झाल्यापासून त्या दिवसाचा बराच वेळ झोपून असतात आणि मोठा आवाज त्यांना सोसत नाही. भाच्याच्या डोक्यात मात्र शंभर वॅटचा व्हॉल्व्हचा हेड आणि खाली चार स्पीकरचं कॅबिनेट होतं, व्हिडिओत दिसतं तसं.

त्याला जे सांगितलं ते इथं नीट मांडून ठेवतो. पुढच्या विचारणाऱ्याला लिंक पाठवता येईल.

पहिली गोष्ट, ॲम्प ही गिटारीसोबत घ्यायची वस्तू नाही. तो गिटारीचा अर्धा भाग आहे. हे मिरजेच्या माणसाला समजावणं सोपं जातं. आमच्या गावात दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तानपुरे बनतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीत उभं राहून बघा. पंढरपूर भागातून आलेले भोपळे वाळत घातलेले दिसतात. तार छेडली की तिचा थरथराट घोडीतून तबलीत उतरतो आणि भोपळ्याच्या पोकळीत मोठा होतो. भोपळा काढून टाका, मग तीच तार किती ऐकू येते पाहा. इलेक्ट्रिक गिटारीला भोपळा नसतो. भरीव लाकडाची फळी असते. तिचा भोपळा म्हणजे ॲम्प. कारागीर भोपळा निवडताना तो नुसता मोठा आहे का एवढंच बघत नाही, टिचकी मारून ऐकतो. ॲम्प घेताना आपण मात्र नुसता आकडा विचारतो.

आता त्या आकड्याकडे वळू. वॅट म्हणजे आवाज नव्हे, ताकद आहे, आणि कान ताकदीचा हिशेब वेगळ्या पद्धतीने करतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. एवढा फरक जाणवतो, पण थोडासाच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. म्हणजे पन्नास वॅटच्या ॲम्पपेक्षा शंभर वॅटचा दुप्पट मोठा वाजत नाही. पाच वॅटच्या दुप्पट मोठा वाटायला पन्नास वॅट लागतात.

यात स्पीकरचा वाटाही मोठा. गिटारच्या चांगल्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल आवाज निघतो. माणसं आपसात बोलतात ती ६० डेसिबलच्या आसपास. आता अर्ध्या वॅटचा हिशेब करा : ९८ मधून ३ गेले, राहिले ९५. अर्धा वॅटसुद्धा पूर्ण सोडला तर दोन खोल्यांच्या घरात कुणाला झोपू देणार नाही. निवासी भागासाठी सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे आकडे भाच्यासमोर कागदावर मांडले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, म्हणजे शंभर वॅटमधले साडेनव्व्याण्णव घरात कामाचेच नाहीत?" बरोबर. आणि पैसे शंभराचे द्यायचे.

इथं व्हॉल्व्हचे चाहते नाराज होतील, म्हणून थोडं सविस्तर. व्हॉल्व्हचा ॲम्प गोड वाजतो हे खरं आहे. त्याची मजा तो ताणला गेल्यावर येते. आउटपुटचे व्हॉल्व्ह त्यांच्या मर्यादेला टेकले की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू भरत जातो, बोट हलकं केलं की पुन्हा साफ होतो. पण ही मजा मोठ्या आवाजातच मिळते. व्हॉक्सचा एसी-१५ पंधरा वॅटचाच आहे, तरी ड्रमसोबत वाजवता येतो. घरात तो ताणायला गेलात तर खालच्या मजल्यावरचे लोक वर येतील. आवाज कमी ठेवलात तर ज्या गुणासाठी पैसे मोजले तो गुण झोपलेलाच राहतो. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात, आणि आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका करंट साठून राहतो. म्हणून तो उघडणारा माणूस जाणकारच हवा. तसा मिस्तरी जवळपास नसेल तर ॲम्प बिघडला की पुण्या-मुंबईला न्यायचा. ज्याच्याकडे स्वतंत्र बंगला आहे आणि ओळखीचा मिस्तरी आहे, त्याने खुशाल घ्यावा. मला कुणी भेट दिला तर मीही नको म्हणणार नाही.

मग घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालेल असं काय? आधी आपल्याकडे बाहेर वाजवणं म्हणजे काय असतं ते बघू. परदेशी व्हिडिओत क्लबचं छोटं स्टेज असतं, एक बँड, एकाच प्रकारची गाणी. आमच्या ऑर्केस्ट्रात एका रात्रीत पन्नास वर्षांची गाणी होतात. कर्ज (१९८०) मधला गोरख शर्मांनी वाजवलेला गिटारचा तुकडा आजही हमखास फर्माईश असतो. त्याला स्वच्छ, किंचित घुमणारा आवाज लागतो. लगेच पंचमदांचं गाणं, त्यात गिटार तालवाद्यासारखी छेडायची. मग नव्वदच्या दशकातलं, कोरस लावलेली पाणीदार गिटार. शेवटी कॉलेजातली पोरं रॉक ऑन (२००८) मागतात, तिथं सणसणीत डिस्टॉर्शन पाहिजे. म्हणून इथं पहिला निकष साफ आवाज. साफ आवाज चांगला असेल तर बाकीचे रंग पेडल लावून आणता येतात. साफ आवाजच पत्र्यासारखा असेल तर कुठलंही पेडल त्याला वाचवत नाही. रोलंडचा जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरवरचा ॲम्प १९७५ पासून केवळ याच गुणावर टिकून आहे. त्याचा आवाज साफ, आत कोरस, आणि मोडतोड कमी.

पण त्याचं वजन सुमारे २८ किलो. फेंडरचा ट्विन रिव्हर्बही त्याच घरातला, २९ किलोच्या आसपास. ज्याला टेम्पो मिळतो त्याचं ठीक आहे. आमच्या बहुतेक कार्यक्रमांना आम्ही एसटीने किंवा कुणाच्या तरी मारुतीत पाच जण बसून जातो. उचलता येत नाही तो ॲम्प कितीही गुणी असला तरी घरीच राहतो. वजन हा दुसरा निकष.

तिसरा निकष मला सगळ्यांत मोठा वाटतो : तो हळू वाजताना कसा वाजतो. याचं कारण साधं आहे. वर्षात पंधरा कार्यक्रम झाले तरी बाकीचे साडेतीनशे दिवस गिटार घरातच वाजते. हात घडतो तो तिथंच. जो ॲम्प हळू आवाजात मेलेला वाटतो, त्याच्यासमोर पोरगं आधी आवाज वाढवतं, मग ओरडा खातं, मग गिटार खुंटीला लावतं. ॲम्प मोठा पडला म्हणून गिटार सुटलेली तीन-चार मुलं मी पाहिली आहेत. हातात कला होती, पण घरात वाजवायला जागा राहिली नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत यावर चांगला तोडगा निघाला आहे. यामाहाने २०११ मध्ये टीएचआर मालिका काढली. टेबलावर ठेवायचा, रेडिओएवढा, मुद्दाम हळू आवाजासाठी घडवलेला ॲम्प. घरासाठी उत्तम, पण ड्रमसमोर तो पुरा पडत नाही. मग २०१६ मध्ये बॉसचा कटाना आला. त्याच्या पन्नास वॅटच्या मॉडेलमध्ये बारा इंची स्पीकर आहे, वजन साडेअकरा किलोच्या आसपास, आणि ताकदीचा एक खटका : अर्धा वॅट, पंचवीस, पन्नास. अर्ध्यावर ठेवला की नॉब बऱ्यापैकी फिरवता येतो, आवाज भरलेला राहतो आणि खोलीबाहेर फार जात नाही. अकूस्टिक, क्लीन, क्रंच, लीड, ब्राउन असे पाच स्वभाव आतच आहेत, इफेक्टही आहेत. हेडफोन लावला की स्पीकर बंद. अशा धर्तीचे ॲम्प आता इतर कंपन्याही काढतात. मी कुणाचा एजंट नाही. तुम्हाला दुसरा आवडला तर तो घ्या, पण हे गुण तपासून घ्या.

हळू आवाजाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पोरं इथं हमखास फसतात. आपल्या कानाला हळू आवाजात खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलं आहे. त्यामुळे घरात आपण बास आणि ट्रेबल वाढवून ठेवतो, तेव्हा कुठं आवाज भरलेला वाटतो. तीच सेटिंग स्टेजवर मोठ्या आवाजात नेली की बास धबधबतो, ट्रेबल कानात टोचतो, आणि मधले सूर, जिथं गिटार खरी ऐकू येते, ते कीबोर्ड आणि गायकाखाली गाडले जातात. म्हणून दोन सेटिंग वेगळ्या ठेवाव्यात : घरची घरी, स्टेजची स्टेजच्या आवाजात ठरवलेली. स्टेजवर बास थोडा कमी, मधला थोडा जास्त.

घरासाठी आणखी दोन उपाय, फुकटातले. ॲम्प जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा. जमिनीवरून बास सगळ्या घरात पसरतो, आणि भिंत ओलांडतो तोही बासच. खुर्चीवर ठेवला की स्पीकर कानाच्या जवळ येतो आणि कमी आवाजात भागतं. रात्री वाजवायचं तर तारवाला हेडफोन घ्या. ब्लूटूथच्या हेडफोनात आवाज किंचित उशिरा पोचतो, बोट आणि सूर यांची चुकामूक होते आणि ताल बिघडतो.

आता स्टेज. "मामू, इत्ता छोटा डब्बा? हजार लोगां बैठे तो?" हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं की हजार लोकांपर्यंत आवाज पोचवणं आपल्या ॲम्पचं काम राहिलेलंच नाही. ते साऊंडवाल्याचं काम आहे. ॲम्पच्या जाळीसमोर एक माईक लावतात, बहुतेक वेळा शुअरचा एसएम-५७, १९६५ पासून सगळीकडे तोच चालतो, आणि गिटार मोठ्या साऊंडमधून जाते. किंवा ॲम्पच्या मागे लाइनचं भोक असतं, तिथून सरळ तार मिक्सरला. आपला ॲम्प फक्त आपल्याला आणि शेजारच्या ड्रमवाल्याला ऐकू आला पाहिजे. त्याला पन्नास वॅट आणि बारा इंची स्पीकर पुरतात. उलट ॲम्प जितका मोठा सोडाल तितका साऊंडवाला वैतागतो, कारण गायकाच्या माईकमध्येही तुमचीच गिटार शिरते.

एक सूचना. गिटार सरळ साऊंडच्या बॉक्सला किंवा कराओकेच्या ॲम्पला जोडू नका. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे सूर गाळून टाकतो. ती गाळणी नसली की डिस्टॉर्शन गांधीलमाश्यांच्या पोळ्यासारखं ऐकू येतं. म्हणून लाइनच्या तारेवर ही गाळणी आतच आहे का, हे घेताना विचारा.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट आता सांगतो. अर्थिंग. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माईकची जाळी मिक्सरच्या. दोन्हींची वीज वेगळ्या बोर्डांवरून घेतली असेल, किंवा एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल, तर तुमचा हात आणि ओठ यांच्यामध्ये वीज उभी राहते. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे याच कारणाने स्टेजवर गेला. माईकला अर्थिंग नव्हतं. आमच्याकडेही हे दूरचं नाही. जत्रेतल्या एका कार्यक्रमात, पावसाने मांडव ओला झालेला असताना, आमच्यातल्या एका गाणाऱ्या गिटारवाल्याचा ओठ माईकला लागला आणि तो मागे फेकला गेला. जनरेटरवरच्या बोर्डाची तिसरी पिन कुणीतरी मोडून टाकली होती. तो वाचला. महिनाभर त्याने माईकला तोंड लावलं नाही.

तेव्हापासून माझ्या बॅगेत मल्टीमीटर असतो. एसीवर ठेवायचा, एक टोक माईकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला. आकडा शून्याच्या आसपास हवा. नसेल तर वाजवायचं नाही, मग समोर कोणीही बसलेलं असो. ॲम्पची वीज मिक्सरच्याच बोर्डावरून मागायची. तिसरी पिन कधीही काढायची नाही, गुणगुण येत असली तरी. आणि बाहेरून ॲम्प आणवणाऱ्यांसाठी : आपली वीज २३० व्होल्टची आहे. दुबईहून भाऊजींनी आणलेला ॲम्प इथं चालतो, अमेरिकेतला १२० व्होल्टचा सरळ लावला तर जळतो. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

शेवटी आम्ही पुण्यातून एका मुलाचा वर्षभर वापरलेला पन्नास वॅटचा कटाना घेतला. वापरलेला घेताना घाई करू नये. आम्ही तो चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवला, कारण काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐकली. जॅक हळूच हलवून आवाज तुटतो का पाहिलं. टॉर्च मारून स्पीकरचा कागद फाटलेला नाही ना, ते बघितलं. आणि दुकानात करतात तसं मोठ्याने वाजवून नाही, अर्ध्या वॅटवर, अगदी हळू वाजवून निर्णय घेतला. भिशीतले पैसे उरले. त्यातून चांगली तार, अर्थिंग असलेला जाड वायरचा बोर्ड आणि एक मल्टीमीटर आला. आपाने हिशेब वहीत लिहून घेतला. उरलेली रक्कम तिने मुलाला दिली नाही, आणि ते योग्यच केलं.

आता दुपारी आपाचं मशीन आणि त्याची गिटार एकाच खोलीत चालतात. मशीनचा आवाज मोठा आहे. सासूबाईंची तक्रार मशीनबद्दल आहे.

तर मंडळी, किती वॅटचा घेऊ हे मला विचारायच्या आधी स्वतःला चार गोष्टी विचारा. भिंतीपलीकडे कोण झोपतं? ॲम्प उचलून बसस्टँडपर्यंत कोण नेणार? साफ आवाज तुम्हाला आवडतो का? आणि जिथं वाजवणार तिथल्या बोर्डाला तिसरी पिन आहे का? याची उत्तरं आणा, मग दुकानात मी सोबत येतो. रविवार सोडून, त्या दिवशी आमची प्रॅक्टिस असते.